सागवानाचं गेम मशीन

जुनं व्हिडिओ गेमचं मशीन बघून ते कुठलं, कधीचं आणि कुणी जोडलेलं हे मला सांगता येतं, असं सोलापुरात बऱ्याच जणांना वाटतं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पण ही विद्या मला तिथं मिळालेली नाही. आमच्या वडलांचं शहराच्या पूर्व भागात टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. डावीकडं माग, उजवीकडं माग, दिवसभर खटखट आणि गिऱ्हाइकं अर्धी तेलुगूत बोलणारी. त्या काळात प्रत्येक थिएटरच्या आसपास एखादं गेमचं दुकान असायचंच. दाराला पडदा, आत अंधार, आणि मशीनसमोर घोळका करून उभी असलेली पोरं. मुली तिथं जात नसत. मी एकाही दुकानाचा उंबरा ओलांडला नाही. पण त्यांची मशीन आजारी पडली की आमच्याकडं यायची. चित्र आक्रसलं, फिरायला लागलं, नुसती आडवी रेघ राहिली, की हातगाडीवर घालून आणत. वडील मागच्या बाजूनं स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत शिरायचे आणि मी पुढं जॉयस्टिक धरून उभी राहायची. चित्र सरळ आलं का, रंग फाटतोय का, हे मी ओरडून सांगायचं. अशा रीतीनं शहरातले झाडून सगळे गेम मी शाळेच्या गणवेशात खेळले, तेही आवाज बंद करून, कारण त्या आवाजानं वडलांचं डोकं उठायचं.

पुढं ती दुकानं गेली. मशीन भंगारात गेली, कुणी त्यात कोंबड्या ठेवल्या, कुणी रंगाचे डबे. अशाच एका डबेवाल्या मशीनला मी विजापूर रोडच्या भंगारवाल्याकडून घरी आणलं आणि चालू केलं. तेव्हापासून आमच्या पार्किंगमध्ये मशीन असतात आणि नवऱ्याची स्कूटर बाहेर उन्हात असते. बातमी पसरत गेली. लोक फोटो पाठवायला लागले, घरी बोलवायला लागले. मी मागचं दार उघडायची, टॉर्च मारायची आणि सांगायला सुरुवात करायची. हा सनमायका बघा, त्या वेळच्या जेवणाच्या टेबलांना हाच असायचा. या बोर्डावरच्या चिपांची नावं मुद्दाम खरवडलीत, दुसऱ्यानं नक्कल करू नये म्हणून. आपल्याकडची बहुतेक मशीन अशीच, प्लायवूडची पेटी आणि आत टीव्हीची पिक्चर ट्यूब. लोक कौतुकानं ऐकायचे. त्यांचं ते ऐकणं मला हळूहळू फार आवडायला लागलं होतं, हे तेव्हा कळलं नाही.

होटगी रोडवर एका तरुणाचं आइस्क्रीमचं दुकान आहे. तरुण म्हणजे पस्तिशीतला, दोन मुलांचा बाप. दुकान वाढवून त्यानं शेजारी मोठा हॉल केला होता आणि तिथं वडलांची आठवण म्हणून एक गेमचं मशीन उभं करायचं त्याच्या मनात होतं. वडलांचं नवी पेठेजवळ गेमचं दुकान होतं. ते जाऊन काही वर्षं झाली होती. दुकानातलं एकच मशीन उरलं होतं, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ते बघायला मी एका रविवारी सकाळी जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी गेले.

ताडपत्री काढली तर खाली लालभडक ऑइल पेंटचं मशीन. मी गुडघे टेकून बसले आणि ब्लेडनं कडेचा थोडा रंग खरवडला. खाली प्लायवूड निघेल असं धरून चालले होते. निघालं सागवान. जाड, भरीव, रेषा नदीच्या वाळूवर उमटाव्यात तशा. असं मशीन मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात त्या तरुणाची आई चहा घेऊन आली. साठी ओलांडलेल्या, डोक्यावर पदर. सांगोल्याकडच्या एका गावातून लग्न होऊन सोलापुरात आलेल्या, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी एवढंच बघितलं की कप ठेवायला जागा नाही म्हणून त्या ट्रे हातात धरून उभ्या आहेत. मी काय करतेय ते थोडा वेळ बघून त्या म्हणाल्या, “ह्ये मशीन हितंच बनवल्यालं हाय. मी माहेरी गेलते तवा.”

मी मान न वळवता “हो का मावशी” म्हणाले आणि मुलाला विचारलं, की वडलांनी हे नेमकं कोणत्या वर्षी आणलं. त्याला सांगता येईना. मग विचारलं, मुंबईहून आणलं का हैदराबादहून, बरोबर काही कागद होते का, बटणं आधीपासून हीच होती का. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, तो तेव्हा तान्हा होता किंवा जन्मलाही नव्हता. तरी मी त्यालाच विचारत राहिले. मावशींनी आमचे रिकामे कप गोळा केले आणि त्या आत गेल्या.

घरी येऊन मी फोटो लावून बसले. पिक्चर ट्यूबवर जपानी अक्षरांची चिठ्ठी होती. बटणंही परदेशी होती. आणि हे लाकूड. अगदी सुरुवातीच्या परदेशी मशीनच्या बाजू लाकडी दिसतात, ते मी फोटोंमध्ये पाहिलं होतं. ते खरं लाकूड असतं की वरून चिकटवलेला लाकडासारखा कागद, हे फोटोवरून कळत नाही, आणि असं एकही मशीन मी हातानं चाचपलेलं नव्हतं. पण मला ते तसं असायला हवं होतं. फोटो मी जुनी मशीन जमवणाऱ्या आमच्या मंडळींच्या इंटरनेटवरच्या ग्रुपवर टाकले. दोघातिघांनी ‘शक्य आहे’ असं लिहिलं. संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात ‘शक्य आहे’चं ‘आहे’ झालं होतं. मी त्या तरुणाला फोन करून सांगितलं की तुमच्या वडलांचं मशीन परदेशी आहे, फार सुरुवातीचं, असं आपल्याकडं दुसरं असेल असं वाटत नाही. त्यानं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, बाबा आम्हाला कधी बोलले नाहीत. त्याच्या आवाजात आनंद होता, आणि तो आनंद मी दिला याचा मलाही झाला.

मशीन टेम्पोतून आमच्या पार्किंगमध्ये आलं. आतलं काम मला सोपं होतं. फुगलेले कंडेन्सर बदलले, सुटलेले सोल्डरचे डाग पुन्हा दिले, झुरळांची अंडी ब्रशनं काढली, बोर्डाच्या तांब्याच्या कडा शाळेच्या खोडरबरानं घासून चकचकीत केल्या. चित्र आलं. काळ्या आकाशात विमानं, खालून गोळ्या, सगळं जागच्या जागी. मग लाकडाला हात घातला. लाल रंगाखाली गुलाबी अस्तर निघालं, आणि त्याखाली ते सागवान.

डाव्या बाजूला, छातीच्या उंचीवर, एक भोक होतं. वर गोल, खाली चीर. दोन्हीकडं बारक्या खिळ्यांची एकेक खूण, पितळेची चकती बसवलेली असावी तशी. किल्लीचं भोक कसं असतं हे कुणालाही कळतं. आमच्याही घरात कपाट आहे. त्या भोकाच्या मागं आत पिक्चर ट्यूब होती. तिथं कुलूप लावण्यासारखं काही नव्हतं. मी ते भोक आणि त्याच्या शेजारून उभी गेलेली फळीच्या जोडाची रेघ बराच वेळ बघत राहिले. ते भोक खरं मानलं तर माझं परदेशी मशीन खोटं ठरत होतं. मी ठरवलं की नंतर कुणीतरी इथल्या कारागिरानं हा उद्योग केला असावा. नवऱ्यानं वाकून विचारलं, हे कसलं भोक. मी म्हणाले, कुणीतरी खराब करून ठेवलंय. मग सुतार फटी बुजवायला वापरतात त्या लांबीत सागवानाचा भुसा कालवून ते भोक भरलं, खिळ्यांच्या खुणाही भरल्या, पॉलिश पेपर मारला आणि वरून लाखेचं पॉलिश केलं. इतकं बेमालूम झालं की मीच खूश झाले.

हॉलचं उद्घाटन भर उन्हाळ्यात ठेवलं होतं. पाहुणे, शेजारी, वडलांच्या दुकानात खेळलेले आणि आता टक्कल पडलेले काही जण, अशी बरीच माणसं जमली होती. मशीन दर्शनी भागात होतं. त्यावर पितळेची पाटी होती, ‘मूळ परदेशी बनावट’ अशी, आणि खाली तपासणी करणारी म्हणून माझं नाव, हुद्द्यासकट. पाटीचा मजकूर त्यानं मला आधी दाखवला होता. मी त्यातलं शुद्धलेखन सुधारून दिलं होतं.

तो चार शब्द बोलला. आमच्या बाबांना लोक गेमवाला म्हणायचे, पोरं बिघडवतो म्हणायचे, भावकीतली माणसंसुद्धा धंदा विचारला की मान फिरवायची. पण त्या माणसानं सोलापूरच्या पोरांसाठी काय आणून ठेवलं होतं ते आज बघा. माझ्या एका वाक्यावर त्यानं किती काय उभं केलं होतं ते मला तेव्हा कळलं. पण लोक माझ्याकडंही वळून बघत होते आणि मी हसले.

पहिलं बटण आईनं दाबायचं होतं. नवं लुगडं नेसलेल्या मावशी पुढं आल्या, बटण दाबलं, टाळ्या झाल्या. रंग उतरवल्यापासून त्यांनी मशीन बघितलंच नव्हतं. त्यांचा हात बटणावरून बाजूच्या लाकडाकडं गेला. तळवा सावकाश खाली आला आणि थांबला. आमच्याकडच्या उन्हानं लांबी सुकून खाली बसली होती आणि भोकाचा आकार पुन्हा वर आला होता, वर गोल, खाली चीर. मावशींनी तिथं नख लावलं. मग वाकून खालच्या कोपऱ्यातली लाकडाची एक गाठ बघितली. सगळे त्यांच्याकडंच बघत होते, त्यामुळं त्या हळू बोलल्या तरी ऐकू गेलं.

“आरं, ह्ये माझं कपाट हाय.”

एकदोघं हसले. म्हातारं माणूस मायेनं काहीतरी बोलतंय असं त्यांना वाटलं असावं. मुलगा म्हणाला, “आई, बाहेरच्या देशातलं आहे ते. मॅडमनी तपासलंय.” आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. मावशींनीही बघितलं.

“बाई, हितं किल्लीचं भोक हुतं. तुमाला दिसलं न्हाय व्हय?”

नाही म्हणता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण त्यांचं बोट त्या जागेवर होतं.

“दिसलं होतं मावशी,” मी म्हणाले. “मीच बुजवलं.”

त्या तरुणानं मान खाली घातली. मग कुणा चुलतभावानं गाणी लावली, आइस्क्रीमचे कप फिरायला लागले आणि माणसं मोठ्यानं दुसऱ्याच विषयांवर बोलायला लागली. माझ्याही हातात एक कप आला. तो तसाच वितळत राहिला.

जावं की थांबावं ते मला कळत नव्हतं. मावशी भिंतीकडच्या खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांनीच मला खुणेनं शेजारी बसवलं आणि सांगितलं. रागानं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. ते कपाट त्यांच्या वडलांनी लग्नात दिलं होतं, गावच्या सुताराला अंगणात बसवून करून घेतलेलं. या मुलाच्या बाळंतपणाला त्या माहेरी गेल्या आणि बाळ घेऊन परत आल्या तर खोलीत कपाट नाही. लुगडी पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेली. नवरा म्हणाला, वाळवी लागली, सगळं पोखरलं, जाळून टाकलं. त्याच सुमाराला दुकानात नवं लाल मशीन आलं. पुढं कित्येक वर्षं नवरा जेवायला घरी आला की मावशी त्या मशीनवर कोपर टेकून पोरांना टोकन देत बसायच्या. रोज फडकं मारायच्या. रंगाखाली काय आहे ते त्यांना कधी कळलं नाही.

“म्या माज्या बापाला बोलले की,” त्या म्हणाल्या. “तुमी दिल्यालं लाकूड किडकं निगालं म्हनून. चार मान्सांत बोलले. सागाला वाळवी लागत न्हाई, एवडंच म्हनलं त्येनी. परत कवा कपाटाचं नाव काडलं न्हाई.”

वडील जाऊनही आता खूप काळ लोटला होता.

नवऱ्याबद्दल त्या वाईट बोलल्या नाहीत. आतलं सगळं नवऱ्यानं हैदराबादहून आणलं होतं, बाहेरची पेटी करायला हातात पैसे उरले नव्हते, हे त्यांना आता उमगत होतं. त्या फक्त म्हणाल्या, “इचारलं असतं तर दिलं असतं की.”

हे त्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या. पण समोर मी बसले होते आणि मला वर बघवेना. त्या दिवशी शेडमध्ये ट्रे धरून उभ्या राहून त्यांनी मला सांगायला सुरुवात केली होती. मी, जिला पोरगी म्हणून त्या दुकानांच्या पडद्याबाहेरून परत फिरावं लागायचं, मी एका बाईला गेममधलं काय कळणार असं धरून तिच्या मुलाला प्रश्न विचारत बसले होते.

निघताना तो तरुण पाटीचे स्क्रू काढत होता. मी माफी मागायला गेले. तो म्हणाला, “मॅडम, मी सगळ्यांसमोर बोललो ना.” एवढंच. त्यानं चार शब्द सुनावले असते तर मी ते घेऊन घरी गेले असते. बापाची मान वर करायला निघालेला माणूस, आणि त्याला मी भरल्या हॉलमध्ये बापाचं खोटं ऐकायला लावलं होतं.

घरी आल्यावर मी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. मशीन सोलापुरात बनलेलं, एका बाईच्या लग्नातल्या कपाटाचं, नवऱ्यानं तिला न सांगता मोडलेलं, आणि किल्लीचं भोक मी स्वतःच्या हातानं बुजवलेलं. मला वाटलं लोक मला झाडतील. उलट कौतुक सुरू झालं. किती प्रामाणिकपणा, काय गोष्ट आहे, परदेशी मशीनपेक्षा हेच मोलाचं. बदाम, हात जोडलेली चित्रं, अभिनंदन. मी ते नवऱ्याला दाखवलं. त्यानं वाचलं आणि विचारलं, “त्या बाईंना विचारलंस का, हे लिहू का म्हणून?”

नव्हतं विचारलं. त्यांच्या घरातली गोष्ट, जी त्यांना स्वतःला त्याच सकाळी कळली होती, ती मी संध्याकाळी जगाला सांगून मोकळी झाले होते. मी लिहिलेलं काढून टाकलं. पण ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्यानं वर्गाबाहेर मला थांबवून त्या कपाटाबद्दल विचारलं. मी त्याला काहीतरी सांगून कटवलं.

उन्हाळा सरता सरता मी धीर करून त्यांच्या घरी गेले. दार मावशींनीच उघडलं. मी ग्रुपवर लिहिल्याचं सांगितलं, काढून टाकल्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना नातीनं वाचून दाखवलं होतं. मी एका सुताराशी बोलून ठेवलं होतं. मी मावशींना म्हणाले, मशीन खोलून त्या लाकडाचं परत कपाट करता येईल, तुम्ही म्हणाल तसं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. लोखंडी कपाट आहे, आता अजून एक कुठं ठेवायचं. मग त्यांनी मला एकच गोष्ट विचारली.

“तुमी सगळं उचकून बगितलंय. कुटं वाळवी हाय का त्याला?”

मी नाही म्हणाले. त्यांना ते नुसतं ऐकायचं नव्हतं, बघायचं होतं. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही दोघी रिक्षानं गेलो. मुलगा गल्ल्यावर होता, तो उठून उभा राहिला. मी प्लग काढला, मागचं दार उघडलं आणि आत टॉर्च धरला. तळाला नंतर लावलेली प्लायवूडची पट्टी होती, ती वाळवीनं खाऊन पावासारखी केली होती. मातीच्या वाटा तिथून वर चढलेल्या होत्या आणि सागवानाला टेकल्या तिथं संपल्या होत्या. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि आत बघत राहिल्या. मी टॉर्च जिकडं जिकडं त्या बोट करतील तिकडं फिरवत गेले. शेवटी त्यांनी आत हात घातला आणि त्या फळीवर आतल्या बाजूनं थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

मग म्हणाल्या, ते भोक मोकळं करा.

माझ्याजवळ बारीक पटाशी होती. लांबीचे तुकडे पडत गेले, खाली भुसा सांडला. आतल्या कडा अजून गुळगुळीत होत्या. मावशींनी तिथं बोट फिरवलं आणि त्या जाऊन पंख्याखाली बसल्या. मुलानं मला पाण्याचा ग्लास आणून दिला. मी भुसा गोळा केला, कागदात बांधला आणि निघाले.

गेल्या आठवड्यात त्या तरुणाचा फोन आला होता. जॉयस्टिक अडकते, पोरं जोरात ओढतात. मी म्हणाले, माझा एक जुना विद्यार्थी आहे, चांगला हात आहे त्याचा, त्याला पाठवते. तो म्हणाला, “आईनं तुम्हालाच बोलवायला सांगितलंय.” मी बरं म्हणाले. जॉयस्टिकची नवी स्प्रिंग आणून ठेवली आहे. अजून गेलेले नाही.